दोनशे बारा लाल झाकणं

त्रिशला मगदूमनं बनवलेल्या झाकणानं तिच्या सख्ख्या आत्याला चोर ठरवलं, तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. सकाळचे नऊ वाजले होते, तरी कुपवाडच्या एमआयडीसीतले पत्रे हात लावू देत नव्हते. त्रिशला झाकणांच्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये नव्या साच्याचा आराखडा तपासत उभी होती आणि फोनवर मिरजेच्या मुलांच्या इस्पितळातला कारकून घाईघाईनं बोलत होता.

"मॅडम, आज पहाटे कोठीत दोनशे बारा झाकणं लाल सापडलीत. सगळी बारक्या पोरांच्या तापाच्या औषधाची. कोठीवाल्या बाईंना साहेबांनी घरी बसवलंय. तुम्हाला फॉर्म पाठवलाय, तेवढी सही करून द्या. गुरुवारी चारला माल भट्टीत जाणार, त्याच्या आत द्या म्हणजे झालं."

"कोठीवाल्या बाई म्हणजे?" उत्तर माहीत असूनही त्रिशलानं विचारलं.

"अनंतमती चौगुले."

बिचाऱ्या कारकुनाला नातं ठाऊक नव्हतं. त्रिशला सहा वर्षांची असताना तिची आई गेली आणि वडिलांनी फिरतीची नोकरी धरली. तेव्हापासून तिला वाढवलं ते या अनंतमती आत्यानं. कुणी लग्नाचं काढलं की आत्या म्हणायची, "माझी पोर शाळंला जातीया, मला कुठली सवड?" पोर शिकली, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आली, झाकणांची तज्ज्ञ झाली, आणि आत्या छत्तीस वर्षं त्याच कोठीत औषधं लावत राहिली. दिवाळीला ती निवृत्त होणार होती.

फॉर्मवर एकच वाक्य होतं : 'सदर झाकणे निर्दोष असून त्यांची साक्ष ग्राह्य धरण्यास हरकत नाही.' खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ होती. सही झाली की प्रकरण पोलिसांकडे जाणार आणि बाटल्या भट्टीत जळणार. झाकणाचीच साक्ष मिळाल्यावर आतलं औषध तपासत बसायची कायद्याला गरज नव्हती.

पूर्वीची झाकणं आठवत असतील तुम्हाला. झाकणाखाली एक कडी असायची, आणि दोघांना जोडणारे प्लास्टिकचे दहा-बारा नाजूक टाके. झाकण फिरवलं की टाके कटकट तुटायचे, कडी बाटलीच्या गळ्यात राहायची आणि माणूस निर्धास्त व्हायचा. पण चोर काही हातावर हात ठेवून बसलेले नव्हते. टाके न तोडता कडी सोडवायच्या युक्त्या त्यांनी शोधून काढल्या. सात वर्षांपूर्वी एका गावात बनावट औषधानं अकरा मुलं दगावली, आणि त्या बाटल्यांचे टाके शाबूत निघाले. त्या बातमीनं त्रिशलाची झोप उडाली आणि ती या कामाला लागली.

तिनं टाक्यांच्या प्लास्टिकमध्येच एक वेगळा रेणू विणला. एरवी हा रेणू वलयासारखा मिटलेला असतो आणि त्याला रंग नसतो. टाका ताणला गेला की तो ताण वलयापर्यंत पोचतो, त्यातला मुद्दाम कच्चा ठेवलेला एक बंध तुटतो आणि वलय उलगडतं. उलगडलेला रेणू प्रकाशातला हिरवा भाग गिळतो, म्हणून आपल्या डोळ्यांना तो लाल दिसतो. असले रेणू जगाला आधीही माहीत होते, पण ते थोड्या वेळानं पुन्हा मिटायचे आणि सगळं मुसळ केरात जायचं. त्रिशलानं त्याला कडीकोयंडा बसवला. एकदा उलगडला की अडकलाच; मग तापवा नाहीतर गार करा, लाल तो लालच. टाका तुटायचीही गरज नव्हती. केसभर ताणला तरी रंग येई, ताण हलका असेल तर सावकाश, रात्रभरात चढे.

दोन वर्षांत मुलांच्या सगळ्या औषधांना हे झाकण सक्तीचं झालं. मागोमाग इस्पितळांच्या कोठ्यांत कॅमेरे आले. रोज पहाटे ते मांडण्यांवरून नजर फिरवायचे आणि कुठं लाल दिसलं की परस्पर जिल्ह्याला कळवायचे. सक्ती लागू झाली त्या समारंभात त्रिशलानं भाषणाच्या भरात म्हटलं होतं, "माणूस खोटं बोलेल, झाकण बोलणार नाही." टाळ्या पडल्या. मग ते वाक्य पोस्टरांवर गेलं, दवाखान्यांच्या भिंतींवर गेलं, आणि लोकांचा त्यावर जरा जास्तच विश्वास बसला. त्यात त्रिशलाही आलीच.

पाचच्या सुमाराला ती मिरजेला आत्याकडे पोचली. आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी थापत होती. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं ही त्या जैन घरची जुनी रीत, आणि निलंबन झालं म्हणून रीत मोडायची नसते.

"आलीस? हात धू."

"आत्या, काय विचारलं त्यांनी?"

"इचारलं, बाटल्यांना हात लावला का. म्हटलं, छत्तीस वर्सं हातच लावत आले. पायानं ठिवत्यात व्हय औषधं? मग म्हणाले, उघडल्या का. न्हाई म्हटलं. तर त्यो घाटगे साहेब म्हणतोय, बाई, झाकण लाल हाय." आत्यानं भाकरी तव्यावर टाकली. "पोस्टर दाखवलं मला. तुझंच."

त्रिशला पाटाशेजारी टेकली. तिच्या डोक्यात सकाळपासून ताण, वलयं आणि टक्केवारी फिरत होती. झाकण चुकायचं प्रमाण दहा लाखांत एक असं तिनंच मोजलं होतं. इथं दोनशे बारा होती. गणित एकाच बाजूला झुकत होतं, आणि शेवटी नको तो प्रश्न तिच्या तोंडून गेला.

"आत्या, खरं सांग. एखादी तरी उघडलीस का? चुकून?"

आत्याचा हात थांबला. तिनं मान वर करून भाचीकडे पाहिलं.

"तुझं झाकण काय म्हणतंय?"

"लाल म्हणतंय."

"मग मला कशाला इचारतीस?"

तिनं ताट वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, काही कमी केलं नाही. दोघी एकमेकींसमोर बसून जेवल्या आणि अवाक्षर बोलल्या नाहीत. एकतीस वर्षांत त्रिशलानं आत्याच्या शब्दावर कधी प्रश्न केला नव्हता. तिला घास गिळवत नव्हता, आणि ताटात टाकायची त्या घरात सोय नव्हती.

बुधवारी सकाळी इस्पितळातून नमुन्याच्या पाच बाटल्या आल्या, लाल झाकणांसकट. त्रिशलानं मनातल्या मनात देवाला साकडं घातलं की माल खराब निघू दे. ती पहिल्यांदाच स्वतःच्या कामात खोट शोधत होती. तिनं प्लास्टिक तपासलं, ते चोख होतं. रेणूचं प्रमाण तपासलं, तेही बरोबर. उन्हाळ्याच्या गरमीनं रंग आला असेल म्हणून कोरी झाकणं ओव्हनमध्ये ठेवून पाहिली, ती पांढरीशुभ्र राहिली. टाके खरोखरच ताणले गेले होते. एकही तुटला नव्हता, पण कुणीतरी ती झाकणं फिरवली होती हे नक्की.

दुपारी दोनला तिनं फॉर्म पुढ्यात ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. पलीकडच्या बाकावर इलाही शिकलगार चष्मा कपाळावर चढवून त्यातलंच एक झाकण भिंगाखाली धरून बसले होते. कारखान्यातला प्रत्येक साचा याच म्हाताऱ्याच्या हातून निघालेला. सूक्ष्मदर्शकावर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःच्या भिंगावर होता.

"ताई, सही करायची तर करा, माझी ना न्हाई," ते म्हणाले. "पर आधी हे बघा. ओलं फडकं पिळलं की पीळ एका अंगाला बसतोय का न्हाई? उलट्या हातानं पिळलं तर उलटा बसतोय. ह्यो पीळ मला उलटा दिसतोय."

"कसला पीळ, चाचा?"

"टाक्यातली लाली. सगळीकडं सारखी न्हाई ती. तिरकी रेघ हाय."

त्रिशलानं झाकण सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. मिलिमीटरभर रुंदीच्या टाक्यात लाल पट्टा तिरका गेला होता, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात. तिनं एक कोरी बाटली घेतली, झाकण उघडायच्या दिशेनं केसभर फिरवलं आणि पट्टा लवकर उठावा म्हणून गरम हवेखाली धरलं. पट्टा उठला तो खालच्या डावीकडून वरच्या उजवीकडे, म्हणजे बरोबर उलटा. कारण साधं होतं. टाक्याचं खालचं टोक कडीत घट्ट, वरचं टोक झाकणाबरोबर सरकतं. ते ज्या बाजूला सरकेल त्या बाजूच्या तिरक्या रेषेत ताण जास्त. झाकण एका दिशेनं फिरवलं तर एक रेघ, दुसऱ्या दिशेनं फिरवलं तर दुसरी. कोठीतल्या कॅमेऱ्याला लांबून फक्त रंग कळायचा, रेघ दिसायची नाही.

"ही उघडलीच नाहीत," ती म्हणाली. "चाचा, ही कुणीतरी आवळलीत."

"सीलबंद बाटली कोण कशाला आवळंल?" शिकलगारांना हसू आलं.

त्रिशलालाही हसू आलं, आणि तसंच अर्ध्यात विरलं. आत्याच्या घरी साखरेचा डबा आत्याशिवाय कुणाला उघडता येत नसे. गुळाची बरणी, सरबताची बाटली, सगळं असं आवळलेलं की पाहुण्यांनी नाद सोडावा. गोडात मुंगी शिरली आणि मेली, तर पाप साखरेचं नव्हे, झाकण सैल ठेवणाऱ्याचं, हा आत्याचा कायदा होता. लहानपणी त्रिशलानं त्यासाठी दोनदा धपाटे खाल्ले होते.

तिनं कारकुनाला फोन लावला. "कोठीत मुंग्या आहेत का हो?"

"मुंग्या? तीन आठवडे झालं, नुसता बाजार भरलाय मॅडम! कॅमेऱ्याला झाकणं दिसाय पाहिजेत म्हणून साहेबांनी खोकी फोडून बाटल्या उघड्या मांडणीवर लावायला सांगितल्या. त्यात औषध आंब्याच्या चवीचं."

सगळा उलगडा झाला होता. राहिली एकच गोष्ट, आणि ती त्रिशलाला चांगली आठवत होती. तिनं कपाटातून मूळ चाचणी-अहवाल काढला आणि चौदावं पान उघडलं. 'उलट दिशेने आवळणे' या रकान्यासमोर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'सीलबंद बाटली कुणी पुन्हा आवळत नाही. चाचणी अनावश्यक.' खाली सही. अनंतमती चौगुलेच्या घरात वाढलेल्या मुलीनं हे लिहावं! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती ते पान चाचांपुढे धरायलाही कचरली. पण धरलं.

शिकलगारांनी ते दोनदा वाचलं. "हे सांगितलं तर कारखाना बंद पडंल?"

"मंजुरी थांबेल. महिना, दोन महिने."

"मग पडू दे की. साचा हाय, परत कापू. माणूस कुठनं कापून आणणार?"

गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या सभागृहात चौकशी अधिकारी घाटगे बसले होते. दारात भट्टीवाल्याची ढकलगाडी उभी होती. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर, स्वच्छ पांढऱ्या साडीत, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं त्रिशलाकडे पाहिलं नाही.

"साहेब, मी या बाईंची भाची आहे," त्रिशलानं सुरुवातच तिथून केली. "त्यामुळं माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि झाकणातली चूकही माझीच आहे, हे तिचं पान." तिनं चौदावं पान टेबलावर ठेवलं.

घाटगेंनी ते वाचलं. "मॅडम, उद्या प्रत्येक चोर म्हणेल, मी आवळलं."

"म्हणू द्या. रेघ बघून कळेल."

तिच्या सांगण्यावरून घाटगेंनी कारकुनाला दुसऱ्या खोलीत पाठवलं. त्यानं बारा कोऱ्या बाटल्या घेतल्या, काही किंचित उघडायच्या दिशेनं फिरवल्या, काही आवळल्या, गरम हवेखाली धरल्या आणि बुडाला खुणा करून आणल्या. त्रिशलानं एकेक झाकण पडद्यावर मोठं करून दाखवलं आणि सांगत गेली. घाटगे दर वेळी बाटली उलटी करून खूण बघत होते. बाराच्या बारा बरोबर निघाल्या. घाटगे खुर्चीत पुढं सरकून बसले.

"आता त्या दोनशे बारा," ते म्हणाले.

एकेक बाटली भिंगाखाली येऊ लागली. आवळलेली. आवळलेली. आवळलेली. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. भट्टीवाला गाडी सोडून आत येऊन बघत उभा राहिला. त्रिशलाचा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला होता, तोच एकशे अडुसष्टावी बाटली आली. पडद्यावर टाक्यात एक नव्हे, दोन रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. फुली.

"ही काय आहे?" घाटगेंनी विचारलं.

एक लहानसं खोटं तेवढ्यात सहज खपलं असतं. डाग आहे, साच्याचा दोष आहे, काहीही.

"ही उघडायच्या दिशेनं फिरवलीय, साहेब. टाका तुटलेला नाही, पण फिरवलीय. नंतर आवळलीय."

घाटगेंनी सावकाश मान कोपऱ्याकडे वळवली. आत्या उठून उभी राहिली.

"ती व्हय?" ती म्हणाली, जणू कुणी बाजारात वांग्यांचा भाव विचारला होता. "तिच्या कडीत मुंगी अडकली हुती. जित्ती. दोन पाय आत, बाकीची भाईर. तशीच आवळली असती तर चिरडली असती की. म्हणून इवलंसं सैल केलं, ती गेली, मग आवळलं. पर ती बाटली मी पोरांसाठी ठिवली न्हाई. बुड बघा तिचं."

घाटगेंनी बाटली उलटी केली. बुडाला चिकटपट्टीचा तुकडा होता, त्यावर निळ्या पेनानं, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलेलं : 'ही देऊ नये. मुंगी होती. अ. चौ.' खाली तारीख घातली होती, झाकणं लाल सापडली त्याच्या आदल्या दिवसाची. लाल झाकणं गोळा करताना तिच्या बुडाकडे बघायची कुणाला गरज वाटली नव्हती.

घाटगेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुठं कुणी? तुम्ही उघडलं का इचारलं. मी न्हाई उघडलं. मुंग्यांचं कुणी काढलंच न्हाई."

भट्टीवाल्याला सर्वांत आधी हसू फुटलं, मग कारकुनाला. घाटगेंनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो काही जमला नाही. उरलेल्या चव्वेचाळीस बाटल्या त्यांनी तरीही तपासून घेतल्या, माणूस शिस्तीचा. सगळ्या आवळलेल्या निघाल्या. मग त्यांनी भट्टीचा हुकूम रद्द केला, औषधाचे नमुने प्रयोगशाळेकडे धाडायला सांगितले आणि निलंबन मागं घेतल्याच्या कागदावर सही केली. सही करता करता त्यांनी मान वर केली. "मॅडम, या झाकणांवरून राज्यात आणखी आठ जण घरी बसवलेत. त्यांच्या बाटल्या जपून ठेवायला आजच कळवतो. रेघा तुम्ही वाचायच्या."

"वाचते," त्रिशला म्हणाली. "आणि त्यातला कुणी खराच चोर निघाला, तर तेही सांगेन."

दोघी बाहेर आल्या. उन्हं अजून कडक होती आणि इस्पितळाच्या आवारात पोरं कडेवर घेतलेल्या बायका सावली शोधत होत्या. त्रिशलाच्या छातीवरचा दोन दिवसांचा धोंडा उतरला होता. ती फाटकापाशी थांबली.

"आत्या, मी तुला तसं विचारायला नको होतं. सगळ्या जगानं विचारलं असतं तरी मी नको होतं. चुकलं माझं."

आत्या दोन पावलं पुढं गेली होती. ती वळली. भाद्रपदात पर्व संपलं की क्षमावणीला त्यांच्याकडे सगळे घरोघर जाऊन वर्षभरातल्या चुकांची एकमेकांकडे माफी मागतात. आत्यानं आजवर एकही क्षमावणी चुकवली नव्हती.

"क्षमावणीला अजून साडेचार म्हैने हायत," ती म्हणाली. "तवर हे मनात धरून फिरू व्हय मी? केली क्षमा. परवाच ताट वाढताना केली हुती, बोलले असते तर तू रडत उपाशी उठली असतीस."

त्रिशला भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडायला लागली. आत्यानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिचं रडून होईपर्यंत सावलीत उभी राहिली.

"झालं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "मग आता त्या आठ जणांना फोन लाव. साहेबाचा कागद कधी पोचंल सांगता येत न्हाई. त्यांच्या घरात बी कुणीतरी इचारलं असंल, आणि कुणाचा तरी घास अडला असंल."

त्रिशलानं डोळे पुसले, कारकुनाकडून यादी मागवली आणि तिथंच सावलीत उभं राहून पहिला नंबर लावला.